गावातील वर्गात 'स्वामी अँड फ्रेंड्स' कशी वाचून दाखवावी

आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी १९३५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. मालगुडी या काल्पनिक गावातील दहा वर्षांच्या स्वामिनाथनची ही कथा सातवी-आठवीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवण्यासारखी आहे. मराठी अनुवाद मिळाल्यास तो घ्यावा. नसल्यास शिक्षकाने आदल्या दिवशी प्रकरण वाचून ठेवावे आणि वर्गात ते आपल्या बोलीत सांगावे.

वाचन जुलैच्या आरंभी सुरू करावे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात आणि दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी लागली की उपस्थिती घटते, म्हणून पुस्तक त्याआधी संपलेले बरे. एकूण १९ प्रकरणे आहेत. आठवड्याला दोन घेतली, तर बारावे प्रकरण बरोबर ऑगस्टच्या मध्यावर येते, आणि ते तेव्हाच यावे असे मला मनापासून वाटते.

कारण त्या प्रकरणातील निषेधसभा १५ ऑगस्ट १९३० रोजी मालगुडीतील सरयू नदीच्या काठी भरते. ही तारीख ऐकताच मुले स्वातंत्र्यदिन समजतील. तेव्हा स्वातंत्र्य अजून १७ वर्षे दूर होते, हे आधी फळ्यावर लिहावे. त्यानंतर लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगल सत्याग्रह करून अटक पत्करल्याचे सांगावे. त्याच पावसाळ्यात आपल्या वऱ्हाडातील माणसे राखीव जंगलातील गवत कापून तुरुंगात जात होती, हे कळले की विदेशी समजून स्वतःची टोपी आगीत टाकणारा आणि मुख्याध्यापकांच्या खोलीच्या काचा फोडणारा स्वामी मुलांना परका वाटत नाही.

अकराव्या प्रकरणातील गणित मात्र घाईने उरकू नये. दहा आंब्यांचे रामाला पंधरा आणे हवे आहेत, कृष्णाला चारच आंबे पाहिजेत, तर त्याने किती द्यावे? रुपयाचे सोळा आणे, एवढे सांगून मुलांना उत्तर काढू द्यावे; ते सहा आणे येते. स्वामीला मात्र आंबे पिकलेले आहेत की नाहीत, याचीच चिंता पडते आणि वडील चिडतात. कापसाचा आणि संत्र्याचा भाव प्रतीवर ठरतो, हे घरी रोज ऐकणाऱ्या मुलांना स्वामीची शंका रास्त वाटेल, आणि त्यांनी तसे म्हटल्यास त्यांना थांबवू नये.

पहिल्या प्रकरणातील बायबल शिकवणारे एबेनेझर मास्तर हिंदू देवतांची निंदा करतात. वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले असतात. म्हणून येथे दोष त्या शिक्षकाच्या वर्तनाचा आहे, त्याच्या धर्माचा नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगूनच पुढे जावे. छडीचे प्रसंग गाळू नयेत, परंतु शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे आज शाळेत शारीरिक शिक्षेला मनाई आहे, हे मुलांना त्याच वेळी कळले पाहिजे. क्रिकेटची प्रकरणे समजावून सांगावी लागत नाहीत.

शेवटचे प्रकरण एका बैठकीत वाचावे. स्वामीचा मित्र राजम रेल्वेने निघून जातो, स्वामी त्याला पुस्तक भेट देतो, आणि स्वामीचा पत्ता आपण राजमला दिला आहे असे दुसरा मित्र मणी सांगतो. मणी खरे बोलतो की स्वामीचे मन राखतो, यावर मुलांना आपसात वाद घालू द्यावा. शिक्षकाने आपले मत सर्वांत शेवटी, आणि विचारले तरच सांगावे.