पहिला पुल रिक्वेस्ट पाठवताय? आधी गिटमधला ईमेल बघा

पुल रिक्वेस्ट म्हणजे दुसऱ्याच्या ओपन सोर्स प्रोजेक्टला 'माझा हा बदल घ्या' अशी विनंती. गिटहबवर अकाउंट काढणं, फोर्क (प्रोजेक्टची आपल्या अकाउंटवर प्रत), क्लोन (ती प्रत आपल्या मशीनवर उतरवणं) हे सगळं कुठेही सापडतं, त्यात वेळ घालवत नाही. पण क्लोन झाल्या झाल्या, एक ओळही लिहायच्या आधी, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) याच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, कोणता ईमेल आहे ते बघा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि ऑफिसचा ईमेल पत्ता कमिटमध्ये (गिटने नोंदवलेल्या बदलात) गेला. मर्ज झाल्यावर, म्हणजे बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घेतल्यावर, काही करता येत नाही, कारण नाव-ईमेल धरूनच कमिटचा हॅश (त्याचा ओळख-क्रमांक) बनतो, ते बदललं की तो हॅश बदलतो आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक कमिटचाही बदलतो, आणि तुमच्या एका पत्त्यासाठी कुठलाही मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) अख्खी हिस्टरी नव्याने लिहिणार नाही. सगळीकडे लागू होणाऱ्या ग्लोबल सेटिंगच्या भरवशावर राहू नका, त्या रेपोपुरता (त्या एका प्रोजेक्टपुरता) वेगळा ईमेल सेट करा. खरा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर गिटहब एक नोरिप्लाय पत्ता देतं, पण लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्सचा गाभा) ठिकाणी पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ईमेलनेच जातात, तिथे चालू पत्ताच लागतो.

नोकरी करत असाल तर घरी बसून लिहिलेल्या कोडवर हक्क कुणाचा, हे करारात वाचून घ्या. हे टाळू नका, प्लीज. बऱ्याच प्रोजेक्टना साइन्ड-ऑफ-बाय ओळ लागते (कर्नलने ही पद्धत 2004 मध्ये सुरू केली), म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे अशी तुमची हमी. कमिट करताना मायनस एस (-s) लावलं की ती ओळ आपोआप येते, आणि त्यात नाव-पत्ता कॉन्फिगमधलाच येतो, म्हणजे चुकीचा ईमेल आता दोन ठिकाणी. म्हणून म्हणतोय, बघा.

काँट्रिब्युटिंग फाइल (बदल कसे पाठवायचे ते सांगणारी) पूर्ण वाचा. इश्यूवर (प्रोजेक्टमध्ये नोंदवलेल्या अडचणीवर) कुणी आधीच काम करतंय का ते बघा, आणि बंद झालेले पुल रिक्वेस्टही चाळा, कारण तुमचीच आयडिया कुणीतरी आधी आणलेली असते आणि ती का नाकारली ते तिथे लिहिलेलं असतं. मोठा बदल असेल तर आधी विचारा, मग कोड. मेनवर (मुख्य शाखेवर) काम नको, वेगळी ब्रँच, म्हणजे स्वतंत्र शाखा. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. जाता जाता दुसऱ्याच्या फाइलमधल्या स्पेस नीट करत बसलात तर रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल शोधावा लागतो.

टेस्ट आपल्या मशीनवर चालवा. पुश करायच्या (बदल गिटहबवर चढवायच्या) आधी गिट लॉग (कमिटची यादी) उघडून ऑथरची ओळ वाचा, प्रत्येक कमिटची, कारण इथपर्यंत चूक सहज दुरुस्त करता येते. नवीन लॅपटॉप असेल तर परत वाचा.

मग पुश. सीआय (पुशनंतर आपोआप चालणाऱ्या टेस्ट) लाल झालं तर लॉग वाचा. रिव्ह्यूत जे सांगतील ते करा, पटलं नाही तर कारण द्या. उत्तर आलं नाही तर आठवडाभर थांबून एकदाच आठवण करा, रोज नको.