बोर्डावर लावलंय, बघून घे!

कॉलेज ऑफिसच्या खिडकीत पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य हे. शाळेत सर वर्गात येऊन सांगायचे, पुन्हा सांगायचे, तरी फॉर्म आला नाही तर घरी फोन करायचे. इथं कागद काचेच्या पेटीत लागला की कॉलेजचं काम झालं, पुढचं तुमचं. परीक्षेच्या फॉर्मची मुदत, प्रॅक्टिकलच्या बॅचेस, शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी असलेल्यांची यादी, सगळं त्या पेटीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो, पण कुणी काढला तर येतो, आणि त्यात शेवटच्या तारखेची ओळ नेमकी कापलेली असते. येता-जाता त्या पेटीसमोर अर्धा मिनिट थांबायची सवय लावून घ्या.

मी करमाळा तालुक्यातून पुण्यात बी.एस्सी.ला आले, केमिस्ट्री घेऊन. आता तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात: ताई, रूम कुठं बघू, मेस कुठली लावू, कागद काय काय लागतात? एकेकाला सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढतेय. अभ्यास कसा करायचा ते यात फारसं नाही. तो येतो म्हणून तर तुम्ही इथवर पोचलात.

आधी कागद. शाळा सोडल्याचा मूळ दाखला अ‍ॅडमिशनला द्यावा लागतो आणि तो परत मिळत नाही. डिग्री झाल्यावर कॉलेज स्वतःचा नवा दाखला देतं. म्हणून हातातून सोडण्याआधी रंगीत स्कॅन करा आणि झेरॉक्स भरपूर काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो; तलाठ्याने दिलेला अहवाल म्हणजे दाखला नव्हे, हे सेतूवर दोन चकरा झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. नॉन-क्रिमीलेयर कधीही काढलं तरी ३१ मार्चला संपतं, तेव्हा त्यावरचं साल नीट वाचा. बारावीनंतर नीटसाठी वर्षभर थांबला असाल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि दहावीची मार्कशीट, आधार, बँकेचं पासबुक या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते घरी बसून तपासा. आमच्या वर्गातल्या एकीच्या आधारवर वडिलांच्या नावात एक 'एच' जास्त होता. तेवढ्यावरून तिची शिष्यवृत्ती सहा महिने लोंबकळली.

शिष्यवृत्तीचं थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच अडकतात. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरला म्हणजे झालं असं घरच्यांना वाटतं. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग सरकारी खात्याच्या डेस्कला. यातल्या कुणीही तो त्रुटी दाखवून परत पाठवू शकतं. परत आलेला अर्ज तुमच्याच लॉगिनला येऊन पडतो आणि तुम्ही उघडून बघेपर्यंत तिथंच राहतो. मेसेज येईल या भरवशावर राहू नका. अर्ज तुमच्या बाजूला आलाय का हे आठवड्यातून एकदा बघायचं. दुसरं म्हणजे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर येतात असं नाही, आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात. पुण्यात आल्यावर नवं खातं उघडलंत आणि बँकेनं आधार तिकडं जोडून टाकलं, तर पैसे तिकडं जाणार. मग गावच्या बँकेत आप्पा रोज पासबुक भरून आणतात आणि म्हणतात, सरकारनं पैसे खाल्ले.

मुलींना फी माफ झाली ना, असंही हमखास विचारतात. २०२४-२५पासूनची शंभर टक्के माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे, आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. साध्या बी.ए., बी.एस्सी.ला तोच नियम धरून चालू नका. पोर्टलवर आपला प्रवर्ग नि कोर्स टाकून काय लागू होतं ते बघा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तरी हातपाय गाळायचं कारण नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी आधार (आधार कार्डाशी संबंध नाही, हे योजनेचंच नाव) अशा योजना आहेत, बाहेर राहण्या-जेवण्याचा खर्च मिळतो. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, १९५५पासूनची, ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी. तिथं मुलाखत होते नि शिस्त कडक असते. पण माझ्या ओळखीतली जी मुलं तिथं राहिली ती बोलायला-चालायला वेगळीच तयार झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ज्यांचा कुठंच नंबर लागत नाही त्यांच्यासाठी कॉट बेसिस. सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ इथं जुन्या वाड्यांच्या जागी झालेल्या इमारतींत एका खोलीत तीन-चार कॉट, प्रत्येकीला एक लोखंडी कपाट. निम्म्याहून अधिक मुली एमपीएससीच्या असतात, त्यामुळे रात्री दोनला दिवा चालू असणं हा इथला नियमच समजा. खोली बघायला जाल तेव्हा भाडं शेवटी विचारा. आधी विचारा पाणी किती वाजता येतं, लाइट बिल भाड्यात धरलंय का, गेट किती वाजता बंद होतं, आई आली तर एक रात्र राहू देतात का, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. या शेवटच्या अटीवर डिपॉझिट अडतं. महिनाभर आधी सांगायचं असेल तर तोंडी सांगून भागत नाही, मालकांना मेसेज करा, म्हणजे तारीख राहते. भाड्याची पावती मागायला लाजू नका. देत नसतील तर रोख न देता ऑनलाइन द्या.

मेसचा हिशोब समजून घ्यायला मला वेळ लागला, कारण आमच्याकडं जेवणाचे पैसे असतात हीच कल्पना नवी. पैसे महिन्याचे, आगाऊ. तुम्ही गावी गेलात तर न जेवलेले दिवस म्हणजे खाडे, ते पुढच्या महिन्यात वळते होतात. मात्र सगळे नाही. बहुतेक ठिकाणी सलग तीन किंवा चार दिवसांच्या पुढचेच खाडे धरतात, तेही आदल्या दिवशी सांगितलेले. आमच्या मेसच्या काकू एका लांबट वहीत प्रत्येकीच्या नावापुढं चौकोन पाडतात आणि खाड्याला फुली मारतात. ती फुली आपल्यासमोर मारून घ्यायची. शनिवार-रविवार घरी जाऊन आलात तर खाडा धरत नाहीत, म्हणजे दोन दिवसांचं जेवण गेलं. मार्च २०२३पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गावी जाणं स्वस्त झालं, पण हा खाडा मनात धरून मी दर आठवड्याला पळायचं सोडलं. रविवारी दुपारी फीस्ट असते, पुरी-भाजी, मसालेभात, काहीतरी गोड, आणि रात्री मेस बंद. ती रविवारची रात्र पहिल्या महिन्यात जड जाते. पोट दुपारचं भरलेलं असतं नि तरी काहीतरी खावंसं वाटतं. खोलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी असू द्या. आमच्या सोलापूरकडची ही जोडी पंधरा दिवस टिकते आणि लातूरची, जळगावची, रत्नागिरीची सगळ्या रूममेट तिच्यावर तुटून पडतात.

आता कॉलेज. २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि आमची बॅच त्यात पहिली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे कोर्स, भारतीय ज्ञानप्रणाली अशी विषयांची भाजीमंडई आहे, नि सुरुवातीला कुणालाच, अगदी शिकवणाऱ्यांनाही, सगळं पाठ नव्हतं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. म्हणून दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल आठवड्यातली अख्खी दुपार खातं. तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलं घ्यावं लागतं. मैत्रिणीनं घेतलं म्हणून तेच घेऊ नका; जागा ठरावीक असतात आणि फॉर्म सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत चांगले विषय संपतात.

प्रॅक्टिकलबद्दल मात्र मी हात आखडता घेणार नाही, कारण बारावीत बहुतेकांनी ब्युरेटला, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या खुणांच्या काचेच्या नळीला, हातही लावलेला नसतो. पहिल्या सेमिस्टरला बहुधा ऑक्झॅलिक अ‍ॅसिड नि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन येतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचा, वाफा दिसायला लागल्या की उतरवायचा. थंड असेल तर जांभळा रंग जातच नाही आणि तुम्हाला वाटतं एंड पॉइंट आला. परमँगनेट इतकं गडद की ब्युरेटमधल्या द्रावणाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, म्हणून इथं वरच्या कडेचं रीडिंग घ्यायचं. एरवी खालचं, इथंच वरचं. पिपेटच्या टोकाला राहिलेला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही, तो धरूनच पिपेट बनवलेलं असतं. शेवटी शेवटी थेंब थेंब सोडत हलवत राहायचं, आणि फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. गडद गुलाबी झालं तर पुढं गेलात.

अशी तीन रीडिंग घेऊन सारखं आलेलं ते सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आणि इथंच सगळा खेळ होतो. तीन सारखी यायला वेळ लागतो, साडेचारला लॅबचे शिपाईमामा भांडी गोळा करायला लागतात, मग शेजारणीच्या वहीत डोकावून ९.८, ९.८, ९.८ लिहायचा मोह होतो. आमच्या मॅडम प्रत्येक रांगेला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण देतात. ९.८ कुठल्या रांगेचं ते त्यांना पाठ असतं. त्यापेक्षा ९.७, ९.९, ९.८ अशी खरी लिहिलेली रीडिंग दाखवली तर निदान त्या सांगतात की कुठं हात हलला. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, याचाच उपयोग होतो. परीक्षक बाहेरून येतात, त्यांना तुमचं जर्नल किती सुबक आहे याच्याशी फार देणंघेणं नसतं. 'वरची कड का?' एवढंच विचारतात, आणि जिनं स्वतः केलंय तिला ते येतं. जर्नल त्या त्या आठवड्याला तपासून सही घ्या. सबमिशनच्या आठवड्यात स्टाफरूमबाहेर लागणारी रांग बघाल तेव्हा मी काय म्हणतेय ते कळेल. काच फुटली तर लगेच मामांना सांगा. ब्रेकेजच्या वहीत नोंद होते, थोडे पैसे जातात, विषय संपतो.

हजेरी पंचाहत्तर टक्के. डिफॉल्टर लिस्ट टर्मच्या शेवटी लागते तेव्हा कारणं सांगून उपयोग नसतो. आजारी असाल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट परत आल्या आल्या विभागात द्या, महिन्यानं नव्हे.

परीक्षेच्या फॉर्मला साधी मुदत, मग लेट फी, मग सुपर लेट, आणि दर टप्प्याला रक्कम वाढते. पीआरएन, म्हणजे विद्यापीठातला तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक, पाठ करा, आयुष्यभर लागतो. एखाद्या विषयात मार्क अनपेक्षित कमी आले तर रडत बसण्याआधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. तिची मुदत निकालानंतर फार दिवस नसते. कॉपी विषयाच्या सरांना दाखवायची, ते म्हणाले तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरायचे. सर असं बघून देतात का? देतात. विचारणाऱ्याला बहुतेक सर-मॅडम नाही म्हणत नाहीत, फक्त स्टाफरूमच्या दारात उभं राहायचा धीर हवा. इंग्रजी अडतं म्हणून गप्प बसणाऱ्या मुली मी खूप पाहिल्या. मराठीत विचारा. पुण्यातल्या प्राध्यापकांना मराठी येतं.

एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहूनही पुढं जायला मिळालं, म्हणून जग बुडत नाही, पण राहिलेला विषय पुढच्या सेमिस्टरच्या विषयांबरोबर येतो आणि दोन पेपर लागोपाठच्या दिवशी येतात. घरी सांगून टाका. निकाल ऑनलाइन असतो आणि गावात कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर तो उघडतोच.

पैशाची ओढाताण असेल तर कमवा आणि शिका योजनेची चौकशी करा. मूळ कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची. आज कॉलेजात ग्रंथालय, प्रयोगशाळा, ऑफिस, बाग अशा ठिकाणी तासावर काम मिळतं. अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये घेतात. ग्रंथालयाचं काम मिळालं तर सोनं, कारण जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे कुठं ठेवलेत ते तुम्हाला आधी कळतं. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी घ्या. अभ्यासक्रम बदललाय म्हणून दुकानदारांकडून 'नवीन पॅटर्न' एवढं खात्रीनं विचारून घ्या. मेट्रोला विद्यार्थ्यांच्या कार्डावर तीस टक्के सवलत आहे, आणि सप्टेंबर २०२४पासून ती स्वारगेटपर्यंत जाते, म्हणजे सोलापूरच्या गाडीतून उतरून थेट.

बाकी एनएसएस, पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची तालीम, गॅदरिंग यातलं एक काहीतरी धरा. सगळी धरू नका. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर गावात असतं, तिथं शहरातल्या मुलांना चूल पेटवता येत नाही आणि तुम्हाला येते, तेव्हा पहिल्यांदा वर्गातल्या सगळ्यांशी बोलणं सुरू होतं. माझं तरी तसं झालं.

आणि दुसऱ्या वर्षाला जाताना शिष्यवृत्ती आपोआप पुढं चालू राहत नाही, अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं. त्यासाठी पहिल्या वर्षाची मार्कशीट आणि चालू उत्पन्नाचा दाखला लागतो. मे महिन्यात सुट्टीला घरी असाल तेव्हाच सेतूत अर्ज टाकून या. जूनमध्ये तिथं अख्खा तालुका उभा असतो.