पीओएम मोल्डिंगचा डोळे चुरचुरवणारा वास असा कमी केला

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं इंजेक्शन मोल्डिंग युनिट आहे, पीओएम (ॲसिटल नावाचं टणक प्लास्टिक) वितळवून साच्यात भरायचं, त्याचे क्लिप, गिअर असा माल. पीओएम लागलं की पोरांचे डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. तो वास फॉर्मल्डिहाइड गॅसचा, माल जास्त तापला किंवा बॅरलमध्ये (प्लास्टिक वितळवणाऱ्या गरम नळीत) पडून राहिला की सुटतो.

कंट्रोलर 200 अंश सेल्सिअस दाखवत होता पण वितळलेल्या मालात प्रोब घातला तर 225 च्या वर! थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) सैल होतं, ते बसवलं आणि निम्मा त्रास तिथेच गेला. मशीन थांबवायचं असेल तर हीटर खाली आणायचे, पर्जिंगचा गोळा (बॅरल साफ करताना बाहेर काढलेला गरम माल) थेट पाण्याच्या बादलीत.

भिंतीवरचा मोठा फॅन वाफ ऑपरेटरच्या तोंडावरूनच ओढत होता, मग नोझलपाशी (बॅरलच्या तोंडाशी) वाफ ओढणारा हूड लावून डक्ट, म्हणजे त्याचा पाइप, बाहेर काढला. हूड जवळच पाहिजे, पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलात की ओढ जेमतेम 10 टक्के उरते, हे फॅब्रिकेटरला पटवता पटवता नाकी नऊ आले राव. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, फॉर्मल्डिहाइड अडवणारं फिल्टर कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

आणि पीव्हीसी चालवलेल्या बॅरलमध्ये डायरेक्ट पीओएम टाकू नका, पीव्हीसीच्या ॲसिडने पीओएमचं झपाट्याने विघटन होतं आणि गॅस नोझलमधून उडतो, मध्ये पीई (पॉलिथिन) घालून बॅरल नीट साफ करा.