नदीकाठी सापडलेला दात किंवा हाड कसे ओळखावे

गोदावरी, मांजरा आणि घोड या नद्यांच्या काठी, जुन्या गाळाच्या दरडी जेथे कोसळतात तेथे, हत्ती, पाणघोडे आणि रानबैल यांचे प्लाइस्टोसीन म्हणजे हिमयुगाच्या काळातील अवशेष अधूनमधून हाती लागतात. या गाळाखालचा काळा पाषाण लाव्हारसापासून बनलेला असल्यामुळे थेट त्या कातळातून निघालेला पांढरा, गुळगुळीत तुकडा बहुधा गारगोटीच असतो.

आकारावर विसंबू नये. तुटलेली कड भिंगाखाली पाहावी. हाडाला बाहेरून घट्ट कवच आणि आत सच्छिद्र जाळी असते, तर गाळातले चुनखडीचे गोळे कितीही हाडासारखे दिसले तरी आतून एकजीव निघतात. जुने हाड जिभेला चिकटते म्हणून जीभ लावून पाहण्याची युक्ती फारशी भरवशाची नाही, कारण सच्छिद्र माती व ताजे हाडही जिभेला चिकटते. काळा रंगही पुरावा ठरत नाही. मँगनीजमुळे अलीकडच्या गुरांची हाडेही काळी पडतात.

दाताची ओळख मात्र चावण्याच्या पृष्ठभागावरून बरीच पक्की होते. गाय-बैलांच्या दाढेवर इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणाच्या, चंद्रकोरी दिसतात आणि दोन भागांच्या मध्ये एक बारीक खांब उभा असतो. घोड्याची दाढ उंच असून तिच्यावरील इनॅमलच्या रेघा नागमोडी वळतात. झिजलेल्या पाणघोड्याच्या दाढेवर तिपानी ठसे उमटतात. हत्तीची दाढ अनेक उभ्या पट्ट्या दातातल्याच सिमेंट नावाच्या हाडासारख्या द्रव्याने जोडून बनलेली असते आणि त्यांतली एकच पट्टी सुटी सापडली, तर ती कोणाची हे नवख्याला कळतच नाही. स्टेगोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याच्या दाढेवर याउलट बुटक्या, छपरासारख्या कडा असतात. सुळ्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषा दिसल्या, तर तो हस्तिदंत समजावा. बैल आणि घोडा यांच्या बाबतीत दात जुना की अलीकडचा, हे केवळ नक्षीवरून सांगता येत नाही. तेथे गाळाचा थरच निर्णायक असतो.

म्हणून वस्तू उचलण्यापूर्वी जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि कोणत्या थरात, किती खोलीवर सापडली ते लिहून ठेवावे. दरड पोखरू नये. ओला सुळा उन्हात ठेवल्यास तडकतो, त्यामुळे तो सावलीत हळूहळू वाळवावा, फेव्हिकॉल लावू नये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाला नोंदींसह दाखवावा.