लिनॅकचं, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनचं, आउटपुट मोजताना या चुका टाळा, खास करून इंदूरसारख्या उंचावरच्या गावात

कॅन्सरच्या पेशंटला डॉक्टर माहीत असतात, मशीनवर झोपवणारे टेक्नॉलॉजिस्ट माहीत असतात, मेडिकल फिजिसिस्ट सहसा दिसतच नाही. पण डॉक्टरांनी २०० सेंटीग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) लिहिलेत तर मशीनमधून २००च पडतायत ना, म्हणजेच आउटपुट बरोबर आहे ना, ही जबाबदारी आपली, फिजिसिस्टची आहे आणि नवीन मुलंमुली जॉइन होतात तेव्हा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

सगळ्यात मोठा घोळ हवेच्या दाबाचा. आपला ०.६ सीसीचा फार्मर चेंबर (डोस मोजायची हवेची छोटी पोकळी) बंद डबा नाहीये, आत बाहेरचीच हवा असते, ती विरळ झाली की तेवढ्याच रेडिएशनला चार्ज कमी जमा होतो, म्हणून तर २० डिग्री आणि १०१.३ किलोपास्कल (म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल) धरून टेंपरेचर-प्रेशर करेक्शन लावतो. आता इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, इथे खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, पावसाळ्यात अजून थोडा उतरतो. मोबाइलच्या वेदर ॲपवर मात्र १००८ वगैरे दिसतं, कारण ते लोक आकडा समुद्रसपाटीवर आणून दाखवतात. समुद्रसपाटीजवळच्या बडोद्याला ॲपवरून घेतलं तरी फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहील, इथे तो जवळजवळ ६ टक्के पडतो! आणि दिशा बघा, करेक्शन कमी लागलं की मशीन कमी डोस देतंय असं वाटतं, मग कोणीतरी आउटपुट वाढवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला ६ टक्के जास्त. आयसीआरयूने (रेडिएशनच्या मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने) १९७६ पासून सांगितलंय की एकूण डोस ५ टक्क्यांच्या आत बसायला हवा, म्हणजे सगळी सूट या एका आकड्यातच संपली. त्यामुळे बॅरोमीटर रूममधलाच वापरा, तो कॅलिब्रेट केलेला असू द्या, आणि इंदुरात १००० च्या वर रीडिंग दिसलं तर पुढे एकही बीम मारू नका.

याच्या उलटही होतं. काही इलेक्ट्रोमीटर (चेंबरमधला चार्ज मोजणारी यंत्रं) दाब-तापमान टाकलं की स्वतःच करेक्शन करून आकडा देतात, आणि आपल्या एक्सेल शीटमध्येही तोच फॅक्टर बसलेला असतो. इंदुरात २४ डिग्रीला तो १.०८ च्या जवळ येतो, दोनदा लागला की आउटपुट ८ टक्के जास्त दिसणार, ते तुम्ही खाली आणणार आणि पेशंटचा ट्यूमर उपाशी राहणार. एकच करेक्शन दोनदा लागण्याची किंमत इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला मोजावी लागली, १९८२ ते १९९१. नवीन कॉम्प्युटर प्लॅनिंग अंतराचं करेक्शन आधीच करत होतं आणि लोक जुन्या सवयीने हातानेही करत राहिले, सुमारे हजार पेशंटना ५ ते ३० टक्के कमी डोस गेला. कमी डोसमध्ये त्वचा भाजत नाही, कोणी तक्रार करत नाही, म्हणून तो जास्त भयंकर.

तापमानाचं म्हणाल तर एसीवरचा आकडा घेऊ नका, चेंबर पाण्यात आहे तर पाण्याचं घ्या. ३ डिग्री चुकलात की १ टक्का गेला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी फँटममध्ये (मोजमापाच्या पाण्याच्या पेटीत) भरून लगेच मोजायला बसतात, ते करू नका, आदल्या संध्याकाळी भरून ठेवा.

छोट्या फील्डला (रेडिएशन पडतं त्या छोट्या चौकटीला) फार्मर चेंबर अजिबात नको. चेंबरच फील्डच्या मापाचा असेल तर रीडिंग कमी येतं आणि पुढचा सगळा हिशोब वर सरकतो, फ्रान्समध्ये तुलूझला २००६-०७ मध्ये असंच चुकीच्या मापाचा डिटेक्टर वापरल्याने १४५ पेशंटना जास्त डोस गेला. ब्रॅकीवाल्यांनी (शरीराच्या आत रेडिएशनचा सोर्स ठेवून उपचार करणाऱ्यांनी) इरिडियम सोर्सची तारीख-वेळ बघून टाकावी, सोर्सची ताकद रोज जवळजवळ १ टक्का उतरते, आणि तारखेत दिवस-महिना उलटे पडले की सगळं प्लॅनिंग चुकीचं.

मग आकडा खरंच बाहेर आला तर काय? टीजी-१४२ (लिनॅक तपासणीची अमेरिकन मार्गदर्शिका) प्रमाणे रोजच्या चेकला ३ टक्के आणि महिन्याच्या चेकला २ टक्के सूट आहे. त्याबाहेर गेलं की आधी स्वतःचं मोजमाप तपासा: एसएसडी (सोर्सपासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर), पाण्यातली खोली, फील्ड साइझ, इलेक्ट्रोमीटरचं व्होल्टेज, चेंबरचा नंबर आणि त्याच नंबरच्या सर्टिफिकेटवरचा फॅक्टर. काल सर्व्हिस इंजिनिअर येऊन गेला होता का ते लॉगबुकमध्ये बघा. सगळं बरोबर असेल तर दुसऱ्या फिजिसिस्टला बोलवा, पण त्याला तुमचा आकडा सांगू नका, शीटही देऊ नका, त्याने सेटअप पहिल्यापासून स्वतः करावा आणि शक्य असेल तर चेंबरही दुसरा घ्यावा. १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटरला कोबाल्ट मशीनच्या नव्या सोर्सच्या कॅलिब्रेशनमध्ये चूक राहिली आणि २०० च्या वर पेशंटना सुमारे २५ टक्के जास्त डोस गेला, असली चूक दुसऱ्याने वेगळं मोजल्याशिवाय सापडत नाही. दोघांचे आकडे जुळेपर्यंत मशीनच्या कॅलिब्रेशनला हात लावायचा नाही.

घाई होते ती बाहेरच्या रांगेमुळे, खरगोन-धारहून पहाटेच्या बसने आलेली माणसं बसलेली असतात आणि रिसेप्शनवरून दर दहा मिनिटांनी फोन येतो. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मशीन अजून वापरायला दिलेलं नाही. आज कोणाला थांबवायचं, कोणाला दुसऱ्या मशीनवर न्यायचं, सुटलेला दिवस कसा भरून काढायचा हे डॉक्टर तुमच्याबरोबर बसून ठरवतील. आणि पेशंटला कारण सांगायला स्वतः बाहेर जा, "तुमचा डोस बरोबर आहे की नाही ते तपासतोय, थोडा वेळ लागेल" म्हटलं की मी तरी आजवर कोणाला चिडलेलं पाहिलं नाही.