चौघांचा जॅझ कसा ऐकावा
स्तेफानो दि बातिस्ता हा रोमचा सॅक्सोफोनवादक. त्याच्याच नावाचा, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने २००० साली काढलेला अल्बम लावा. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बास ऐकूच येत नाही. मी मिरजेत सतारींची जवारी काढतो. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की हेडफोन चढवतो.

पहिल्यांदा सॅक्सोफोनकडे चक्क दुर्लक्ष करा. रोझारिओ बोनाकोर्सोचा बास, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य, धरा. मग एल्विन जोन्सचे ड्रम. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या क्वार्टेटमधला, म्हणजे चौघांच्या संचातला, हा गडी, ठेका सरळ देईल तर शपथ! सम शोधत बसू नका, पायाने ताल धरा. जॅकी तेरासाँचा पियानो आपोआप कळतो. सुरुवातीची धून मात्र गुणगुणता येईपर्यंत ऐका. सोलो, म्हणजे एकेकाचं स्वतंत्र वादन, संपले की बहुधा तीच परत येते, आणि मधे कोण किती भटकला ते तेव्हा उमगतं.