पिकअपचा रेडिएटर फॅन: रिलेचं सॉकेट का वितळत होतं

१२ व्होल्टची गाडी, १६ इंची फॅन. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याचं सॉकेट ८७ नंबरच्या, म्हणजे फॅनला करंट देणाऱ्या पिनपाशी काळं पडून वितळलेलं. रिले ठणठणीत होता. फॅन २० ते २५ अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. वायर मात्र दीड एमएमची, म्हणजे बारीक, आणि लग (वायरच्या टोकाची धातूची क्लिप) ढिला. म्हणून तिथेच तापून सॉकेट वितळत होतं.

आता बॅटरीपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज, ६ एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला (इथे करंट आत येतो), ८७ वरून फॅनला. ८६ आणि ८५ ही रिले चालू करणाऱ्या कॉइलची टोकं: ८६ ला इग्निशनचा करंट, ८५ थर्मोस्विचमधून (इंजिन तापलं की जोडला जाणारा स्विच) अर्थला. स्विच एकाच वायरचा असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप नकोच! त्याला अर्थ इंजिनच्या अंगातूनच मिळते. टेपमुळे ती तुटली की फॅन सुरूच होत नाही आणि इंजिन तापतं. फॅनची अर्थही चेसिसचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर आवळली.